रानपिंगळ्याचा मुलूख: मेळघाट पाहण्याचे माप

महाराष्ट्रात निसर्गपर्यटनाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा उभा राहतो. खाडीकाठची कांदळवने, वाळूत अंडी घालायला येणारी सागरी कासवे, हिवाळ्यात पुळणीवर उतरणारे कुरव आणि बोटीलगत उसळणारे डॉल्फिन यांनी त्या प्रदेशाला जी ओळख दिली आहे, तशी ओळख समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या वऱ्हाडाला अद्याप मिळालेली नाही. तथापि अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या उत्तर अंगाला गाविलगडचे डोंगर, म्हणजे सातपुड्याची दक्षिणेकडील शाखा, आडवे पसरलेले आहेत आणि त्यांच्यावर पडणारे बहुतेक पाणी शेवटी त्याच अरबी समुद्राला मिळते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या उत्तरेकडे वाहत तापीत जातात. दक्षिण उतारावरच्या वान, शहानूर आणि चंद्रभागा या नद्या पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. या डोंगरांमध्ये वसलेल्या मेळघाटाचे वनपर्यटन आज कोणत्या मापाने मोजले जाते आणि ते कोणत्या मापाने मोजले जायला हवे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्या विचारासाठी कोकणातील एका लहान गावाचा दाखला पुढे घ्यावा लागणार आहे.

मेळघाट हा महाराष्ट्रातील पहिला व्याघ्र प्रकल्प होय. केंद्र शासनाने १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू केली, तेव्हा देशभरातून ज्या नऊ वनक्षेत्रांची प्रथम निवड झाली त्यांत मेळघाटाचा समावेश होता. पुढे १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि १९९७ मध्ये अकोला व बुलडाणा जिल्ह्यांच्या बाजूची नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही तीन अभयारण्ये अस्तित्वात येऊन ती या प्रकल्पाला जोडली गेली. आज प्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर असून त्यांतील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर हा गाभा आहे, म्हणजे जेथे वन्यजीवांच्या गरजेला सर्वांत वरचे स्थान दिले जाते असा भाग. उरलेला भाग बफरचा, म्हणजे जेथे गावे, शेती, गुरेचराई आणि वने एकत्र नांदतात अशा संक्रमणपट्ट्याचा. हे वन उष्ण कटिबंधातील शुष्क पानगळीचे आहे. सागाचे प्राबल्य असले तरी ऐन, धावडा, तिवस, तेंदू, मोह, सालई, बिबा, चारोळी आणि बांबू यांची साथ त्याला सर्वत्र असते. वैराटचे शिखर समुद्रसपाटीपासून ११७८ मीटर उंच आहे, तर तापीकाठची खोरी त्याच्या कितीतरी खाली आहेत. त्यामुळे एकाच दिवसाच्या प्रवासात झाडोरा, हवा आणि पक्षी तिन्ही बदलत जातात.

या भूरचनेचा पर्यटनाशी थेट संबंध आहे. ताडोबासारख्या तुलनेने सपाट वनात तळ्याकाठी किंवा रस्त्यावर वाघ दिसण्याचा संभव मोठा असतो; मेळघाटात मात्र दऱ्या खोल, उतार तीव्र आणि झाडी उंचसखल असल्याने, शिवाय चितळांची संख्या मर्यादित आणि सांबर व रानगवे डोंगरउतारांवर विखुरलेले असल्याने, वाघालाही दूरवर फिरावे लागते आणि तो रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीला क्वचितच पडतो. सेमाडोह, कोलकास, हरिसाल किंवा शहानूर येथून निघालेली जिप्सी तीन-चार तासांनी परत येते तेव्हा तिच्यातील प्रवाशांनी अस्वलाने उकरलेले वारूळ, वाघाने सागाच्या खोडावर ओढलेले नखांचे ओरखडे, रानगव्यांचा कळप आणि पाणवठ्यावरची मोहोळघार पाहिलेली असते. तरीही नाक्यावर परस्परांना विचारला जाणारा प्रश्न वाघाचाच असतो आणि उत्तर नकारार्थी आले की सफर वाया गेली असे मानले जाते. मेळघाटाच्या वाट्याला आलेली उपेक्षा या एका प्रश्नातून जन्मली आहे.

वाघ दिसलाच पाहिजे या आग्रहाचे परिणाम इतरत्र दिसून आलेलेच आहेत. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवली, त्याची चित्रफीत सर्वदूर पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबवले होते. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली त्यांनुसार गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी उघडता येत नाही. नियम आवश्यक आहेत, परंतु ज्या प्रवाशाची सारी अपेक्षा एकाच प्राण्यावर खिळलेली आहे त्याला नियम फार तर अडवू शकतात. त्याची नजर बदलण्याचे काम वेगळ्याच मार्गाने करावे लागते.

तसा एक मार्ग मेळघाटात पूर्वीपासून आहे. वैशाखी पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांलगतच्या मचाणांवर बसून प्राण्यांच्या नोंदी करण्याची प्रथा वनखात्याने दीर्घकाळ चालवली. उन्हाळ्याच्या ऐन भरात नाले आटलेले असतात, सागाची पाने गळून रान उघडे पडलेले असते, प्राण्यांना ठरावीक पाणवठ्यांवर यावेच लागते आणि पूर्ण चंद्रामुळे दिवा न लावता ते ओळखता येतात, हे या गणनेमागचे साधे तर्कशास्त्र होते. शास्त्रीय दृष्टीने तिच्या मर्यादा उघड होत्या, कारण एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जाई आणि त्या रात्री पाण्यावर न आलेला मोजणीतून सुटे. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पातून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यानंतर पावलांच्या ठशांवर आधारलेली जुनी व्याघ्रगणनाही मागे पडली आणि २००६ पासून कॅमेरा सापळ्यांची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत वाटेवर बांधलेले स्वयंचलित कॅमेरे वाघाचे छायाचित्र टिपतात आणि प्रत्येकाच्या पट्ट्यांची रचना निराळी असल्याने एकेक वाघ स्वतंत्रपणे ओळखता येतो. पाणवठ्यावरची रात्र त्यामुळे गणना या अर्थाने निरुपयोगी झाली. वनखात्याने मात्र ती ‘निसर्गानुभव’ या नावाने नागरिकांसाठी चालू ठेवली, आणि हा निर्णय अत्यंत योग्य होता असे म्हणावे लागेल.

या रात्रीचे महत्त्व तिच्या सक्तीच्या शांततेत आहे. मचाणावर चढलेल्या माणसाला सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही, बोलता येत नाही, वाहन पुढे घ्यायला सांगता येत नाही. उन्हाने तापलेले खडक रात्रीच्या पहिल्या प्रहरानंतर निवू लागतात, चांदण्यात कुलूच्या, म्हणजे पांढरूखाच्या, गुळगुळीत खोडांची पांढरी साल दुरूनही ओळखता येते, रातव्यांचा एकसुरी आवाज सुरू होतो, भेकराचे भुंकणे दरीतून वर येते आणि सांबराने धोक्याची हाक दिली की कोणीतरी शिकारी जवळपास फिरत असल्याचे कळते. तो शिकारी दिसेलच असे नाही. ज्याने एक रात्र अशी काढली त्याला वन हे केवळ डोळ्यांनी पाहायचे स्थळ राहत नाही, कानांनी वाचायचे होते. आणि हे शिक्षण अमरावती-अकोल्याच्या अनेक पिढ्यांतील तरुणांना मचाणाने दिलेले आहे. अमरावतीत वन्यजीव आणि पर्यावरण यांसाठी झटणाऱ्या ज्या संस्था गेल्या तीन-चार दशकांत उभ्या राहिल्या, त्यांच्या कार्यकर्त्यांची जडणघडण अशाच रात्रींनी केली.

मेळघाटाचे खरे वैशिष्ट्य मात्र रात्रीपेक्षा दिवसाउजेडी पाहावे लागते, आणि ते म्हणजे रानपिंगळा. हे जेमतेम तेवीस सेंटीमीटर लांबीचे लहान घुबड आहे. गावाकुसाच्या चिंचेवर संध्याकाळी किलबिलाट करणारा नेहमीचा ठिपकेदार पिंगळा वऱ्हाडात सर्वांना माहीत असतो. रानपिंगळा त्याचा जवळचा नातलग असला तरी त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नसतात, रंग राखट तपकिरी असतो, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो, आणि चोच व नखे शरीराच्या मानाने दणकट असतात. मुख्य फरक सवयीचा आहे. बहुतेक घुबडे अंधारात शिकार करतात, तर हा दिवसा, उंच फांदीवर उघड बसून, सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे आणि प्रसंगी लहान पक्षी पकडतो. हिवाळ्याच्या सकाळी तो सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसतो आणि सावध झाला की शेपटी आडवी झटकतो. जुन्या झाडांच्या नैसर्गिक ढोलीत त्याचे घरटे असते. मादी अंड्यांवर आणि पिलांजवळ असताना नर तिला अन्न आणून देतो.

या पक्ष्याच्या शोधाची कथा शास्त्राच्या इतिहासातही दुर्मीळ म्हणावी अशी आहे. आजच्या छत्तीसगड-ओडिशा सीमेवरील फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये मिळवलेल्या नमुन्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हे ह्यूम म्हणजेच पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने गोळा केले, त्यांतील अखेरचा १८८४ चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची केवळ सात कातडी होती, आणि त्यांतील एकावर रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याने ते आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळवल्याची चिठ्ठी लावली होती. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या अधिकारी पक्षिशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात या पक्ष्याचा शोध घेऊनही तो हाती लागला नाही. अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा माइनर्ट्झहागनचा नमुना हा डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, खोट्या चिठ्ठीसह ठेवलेला असल्याचे निष्पन्न झाले. ती बनावट नोंद बाजूला सारून केवळ खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घ्यायचे त्यांनी ठरवले आणि बेन किंग व डेव्हिड ॲबॉट यांच्यासह हिंडत असताना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा प्रत्यक्ष दिसला. मधली ११३ वर्षे या पक्ष्याची एकही खात्रीची नोंद नव्हती.

यानंतरचा अध्याय मेळघाटाचा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी केलेल्या सर्वेक्षणात तो मेळघाटात, विशेषतः चौराकुंड परिसरात, आढळला. पुढील अभ्यासांतून मेळघाट हा या पक्ष्याचा सर्वांत महत्त्वाचा आधार असल्याचे स्पष्ट झाले. पुढे ठाणे जिल्ह्यातील तानसा आणि गुजरातेतील डांग येथेही त्याच्या नोंदी झाल्या, आणि जागतिक निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणले, म्हणजे धोका एक पायरी कमी झाल्याचे मान्य केले. परंतु साऱ्या जगात तो केवळ मध्य आणि पश्चिम भारताच्या या थोड्याशा वनपट्ट्यात राहतो ही वस्तुस्थिती कायम आहे. वाघ सुंदरबनातही आहे आणि सैबेरियातही. रानपिंगळा पाहायचा तर जगातील कोणत्याही अभ्यासकाला अमरावतीची वाट धरणे सर्वांत सोयीचे ठरावे. या गोष्टीची जाणीव अमरावती आणि अकोल्यातील सुशिक्षित समाजात अजून फारशी रुजलेली नाही, ही खेदाची बाब आहे.

येथे कोकणाचा दाखला प्रस्तुत ठरतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे किनाऱ्यावरचे छोटे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री पुळणीवर येऊन वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हेकुत्री उकरून नेत. गावकऱ्यांनीच रात्रीची गस्त घालायची, अंडी कुंपणाच्या आत हलवायची आणि सुमारे दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिले समुद्राकडे सोडायची, अशी व्यवस्था बसली. पुढे काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिले पाहायला येणारे पर्यटक हॉटेलात न उतरता गावकऱ्यांच्या घरांत उतरू लागले, त्यांच्याच स्वयंपाकघरातील जेवण जेवू लागले. एका हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या जिवाने गावाच्या उत्पन्नात भर घातली आणि त्या जिवाचे राखणदार गावातच तयार झाले. मेळघाटाने वेळासकडून घ्यायचा धडा हाच आहे.

अर्थात अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही, कारण दोन प्राण्यांच्या जीवनक्रमात मूलभूत अंतर आहे. कासवाची अंडी माणसाच्या देखरेखीखाली उबवता येतात, पिले सोडण्याची वेळ आगाऊ सांगता येते आणि किनाऱ्यावर शंभर माणसे दोरीमागे उभी राहिली तरी पिलांचे नुकसान होत नाही. रानपिंगळ्याच्या ढोलीसमोर दहा माणसे उभी राहिली तर नर अन्न घेऊन येणार नाही. त्याची वीण थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणजे पर्यटकांच्या गर्दीचा काळ आणि त्याच्या विणीचा काळ एकच. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याची जी पद्धत छायाचित्रकारांत बोकाळली आहे, ती या जातीच्या बाबतीत विशेष घातक ठरते, कारण आपल्या हद्दीत परका नर शिरला आहे असे समजून पक्षी शिकार आणि घरटे सोडून त्या आवाजामागे धावत राहतो. म्हणून रानपिंगळ्याभोवती पर्यटन उभे करायचे असेल तर गट लहान हवा, ढोलीचे ठिकाण गुप्त हवे, अंतर ठरलेले हवे आणि वाट दाखवणारा माणूस त्या गावचा हवा.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पूर्ण करण्याची क्षमता मेळघाटात आहे. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत मुख्यतः कोरकू समाज राहतो. त्यांची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे संथाळी व मुंडारी यांच्या जवळची असून त्या कुळातील ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा आहे. मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या लाकडावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरून उभे केले जाणारे स्मृतिस्तंभ, वाघाची देव म्हणून होणारी पूजा, झाडाझुडपांची आणि कंदमुळांची सूक्ष्म माहिती, हे या समाजाचे संचित आहे. सफारीच्या नाक्यांवर मार्गदर्शक म्हणून जे तरुण काम करतात त्यांत कोरकू मुले बरीच आहेत. परंतु जिप्सीत बसून प्रवाशांना वाघाच्या वाटा दाखवण्यापुरतेच त्यांचे ज्ञान वापरले जाते. कोणत्या मोहाखाली पहाटे अस्वल येते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात अळ्या सागाच्या पानांची जाळी करून सोडतात तेव्हा कोणते पक्षी त्यांवर तुटून पडतात, पळस फुलला की कोणत्या झाडावर किती जातींची पाखरे येतात, हे सांगू शकणारा माणूस जगातील कोणत्याही निसर्गपर्यटनकेंद्राचे भूषण ठरेल.

या समाजाची कथा वनसंरक्षणाच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही, आणि ती काढणे अन्यायाचे होईल. गाभा मोकळा करण्यासाठी कोहा, कुंड आणि बोरी ही गावे प्रथम हलवण्यात आली, नंतर आणखी अनेक गावे अकोटच्या सपाटीवर आली. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर आणि शेतांवर आज गवताची मैदाने झाली असून तेथे सांबर, नीलगाय आणि रानगवे चरतात. वनाच्या दृष्टीने हे मोठे यश आहे. परंतु खाली आलेल्या कुटुंबांना मिळालेले पैसे संपले, शेतजमिनीचे आणि आरोग्यसेवेचे प्रश्न सुटले नाहीत अशी तक्रार करत काही जण मूळ गावी परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात व वनकर्मचाऱ्यांत संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. १९९३ पासून मेळघाटाचे नाव कुपोषणाने दगावणाऱ्या बालकांशी जोडले गेले आहे. ज्या खोऱ्यात पर्यटक एका सकाळच्या सफारीसाठी काही हजार रुपये मोजतो त्याच खोऱ्यातील आई पोषणाविना राहते, या विसंगतीकडे डोळेझाक करून निसर्गप्रेमाची भाषा बोलणे शोभत नाही.

दुसरी वाट असू शकते हे परतवाड्याजवळच्या पायविहीर या गावाने दाखवून दिले. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला सुमारे १९२ हेक्टर उजाड वनावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने चराई आणि तोड यांवर स्वतः बंधने घातली, चर खणले, झाडे लावली, तेंदूपत्त्याचे संकलन हाती घेतले आणि रानातील सीताफळे प्रतवारी करून शहरांत विकली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने दिला जाणारा भारत जैवविविधता पुरस्कार या गावाला २०१४ मध्ये मिळाला. रानपिंगळ्याला दाट गाभ्याइतकीच विरळ झाडीची, शेताच्या बांधालगतची, जुनी ढोलीदार झाडे असलेली वने मानवतात, हे लक्षात घेतले तर पायविहिरीसारख्या ग्रामसभा आणि हा पक्षी यांचे हित परस्परांच्या आड येत नाही, हे समजून येईल. जुने, पोकळ, लाकूड म्हणून कवडीमोल ठरणारे झाड उभे ठेवायचे, एवढा एक निर्णय ग्रामसभेने घेतला तरी त्याला घर मिळते.

अकोल्याच्या बाजूने मेळघाट पाहणाऱ्याला त्याचे दुसरे रूप दिसते. अकोटवरून शहानूरला गेले की नरनाळ्याचा किल्ला आणि त्याच्या तटाखालचे अभयारण्य लागते. महाकाली दरवाजावरील कोरीव काम पाहायला आलेल्याने तटावर उभे राहून दक्षिणेकडे पाहावे. खाली पसरलेला तो खारपाणपट्टा, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील ज्या प्रदेशात भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्याने पिण्यास निरुपयोगी ठरते तो भाग. विहीर खणूनही गोडे पाणी न लागणाऱ्या अकोट-तेल्हाऱ्याच्या खेड्यांना वारी येथील वान धरणाचे पाणी मिळते, आणि ते धरण भरते मेळघाटच्या वनातून येणाऱ्या पाण्याने. झाडांची मुळे पावसाला धरून ठेवतात आणि नदीला उन्हाळ्यापर्यंत थोडेथोडे सोडतात, हे शालेय पुस्तकातील विधान येथे नळाच्या तोटीपर्यंत तपासून पाहता येते. अकोला शहराला पाणी देणाऱ्या काटेपूर्णा धरणाभोवतीही ७३ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. चौशिंगा आणि भेकर ही तेथली ओळख असून हिवाळ्यात धरणाच्या काठावर चक्रवाक आणि इतर स्थलांतरित बदके उतरतात. वाघाच्या नादात अकोलेकर स्वतःच्या पाण्याचे हे उगमस्थान पाहायचेच विसरतो.

वान अभयारण्यातूनच अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे जात असे, आणि धूळघाटजवळ चढण कापण्यासाठी रूळ स्वतःवरून वळसा घेत. ही गाडी २०१७ मध्ये बंद झाली. ब्रॉडगेज मार्ग जुन्याच वाटेने गाभ्यातून न्यावा की वनाबाहेरून वळवावा यावर दीर्घ वाद झाला. राज्य शासनाने आणि वन्यजीव संस्थांनी बाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला आणि तो सर्वथा योग्य होता, कारण बाहेरचा मार्ग लांब असला तरी तो अधिक गावांना जोडतो. चिखलदरा या थंड हवेच्या ठिकाणाविषयी फार लिहायला नको. काचेचा तळ असलेला ४०७ मीटर लांबीचा झुलता मार्ग तेथे बांधला जात आहे. तो पूर्ण झाल्यावर गर्दी वाढेल हे निश्चित, आणि त्या गर्दीतील थोडी तरी माणसे गाविलगडच्या मागच्या खोऱ्यांकडे शांतपणे वळावीत अशी योजना आतापासून आखली गेली पाहिजे. डोंगरावरचे पाणी आधीच अपुरे आहे, हे तेथे नवी हॉटेले बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मेळघाटाचे पर्यटन रानपिंगळ्याच्या मापाने आखायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगणे कठीण नाही. बफरमधील निवडक गावांत घरगुती निवासाची सोय करावी, जिप्सीच्या फेऱ्या वाढवण्याऐवजी वनरक्षक आणि गावचा मार्गदर्शक यांच्यासह पायी हिंडण्याच्या वाटा ठरवाव्यात, मार्गदर्शकांना पक्षी आणि वनस्पती यांचे पद्धतशीर शिक्षण द्यावे आणि त्यांचे मानधन वाघ दिसण्याच्या आशेवर सोडू नये. सेमाडोहच्या निसर्ग माहिती केंद्रात या पक्ष्याला वाघाइतकेच स्थान मिळावे. अमरावती आणि अकोल्यातील शाळांनी सहली थीमपार्ककडे नेण्याऐवजी वर्षातून एकदा तरी काटेपूर्णा, पोहरा-मालखेड किंवा शहानूरच्या रानात न्याव्यात. यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

दिवाळीच्या सुमाराचा काळ रानपिंगळा उघड्या फांदीवर ऊन खात बसण्याचा आहे. आणि लक्ष्मीच्या वाहनाचा बळी दिल्याने धन मिळते या क्रूर अंधश्रद्धेपायी देशभर घुबडांची चोरटी विक्री वाढण्याचाही हाच काळ आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. असा व्यवहार कोठे दिसला तर तो जवळच्या वनकार्यालयाला त्याच दिवशी कळवावा. आणि जो वाचक या हिवाळ्यात मेळघाटात जाईल त्याने एक रात्र गावातल्या घरी उतरावे, सकाळी वाट दाखवायला गावचाच माणूस घ्यावा, त्याला त्याच्या ज्ञानाचा पुरता मोबदला द्यावा, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत, आणि ढोली सापडलीच तर तिचे ठिकाण कोणालाही सांगू नये.